बंगारू लक्ष्मण प्रकरण : राग कशाचा आला आणि तो कोणावर निघाला?

१३ मार्च २००१ रोजी देशभरातल्या टीव्हीवर एक धूसर चित्रफीत दिसली. टेबलामागे बसलेला एक माणूस समोरून आलेली नोटांची गड्डी घेतो आणि ड्रॉवरमध्ये टाकतो. रक्कम एक लाख रुपये. घेणारा होता भारतीय जनता पक्षाचा राष्ट्रीय अध्यक्ष बंगारू लक्ष्मण. देणारा शस्त्रास्त्रांचा दलाल म्हणून आला होता, पण प्रत्यक्षात तो 'तहलका'चा पत्रकार होता. 'वेस्ट एंड' नावाची त्याची कंपनीही कागदावर रचलेली होती. ज्या थर्मल कॅमेऱ्यांचं कंत्राट लष्कराकडून मिळवून द्या म्हणून ही सगळी मांडामांड चालली होती, ते कॅमेरे त्या कंपनीने कधी बनवलेच नव्हते.

आज वीस-बावीस वर्षांच्या आपल्या कार्यकर्त्यांना हे प्रकरण ऐकूनच माहीत असेल. तरी ते मुद्दाम पुन्हा उघडतो आहे, कारण एखादा नेता सापडला की समाज कसा वागतो, 'ढोंगी' हा शब्द कोणाला चिकटतो आणि कोणावरून ओघळून जातो, हे समजून घ्यायला याच्यासारखं दुसरं प्रकरण नाही. शिवाय त्यात जात आहे. ती टाळून हे प्रकरण सांगणं म्हणजे अर्धंच सांगणं.

बंगारू लक्ष्मण हैदराबादचे, जन्म १९३९चा. संघ-जनसंघाच्या वाटेने वर आलेले कार्यकर्ते. वाजपेयी सरकारात ते रेल्वे राज्यमंत्री होते. ऑगस्ट २००० मध्ये ते भाजपचे अध्यक्ष झाले, त्या पदावर बसलेले पहिले दलित. आणि त्यांचं अध्यक्ष म्हणून पहिलं मोठं अधिवेशन कुठे झालं? नागपुरात. जिथे १९५६ साली बाबासाहेबांनी दीक्षा दिली, त्याच शहरात. तिथे लक्ष्मण यांनी मुसलमानांनाही पक्षाच्या जवळ येण्याचं आवाहन केलं होतं. पक्ष आता सर्वांचा झाला आहे, हे दाखवायला त्यांचा चेहरा उपयोगी होता. हा 'चेहरा' शब्द लक्षात ठेवा, पुढे तो पुन्हा येणार आहे.

चित्रफीत बाहेर आल्यावर लक्ष्मण यांनी लगेच राजीनामा दिला. पैसे आपण पक्षनिधी म्हणून घेतले, असं त्यांचं म्हणणं होतं. संरक्षणमंत्री जॉर्ज फर्नांडिस यांच्या समता पक्षाच्या अध्यक्षा जया जेटली याही चित्रफितीत होत्या आणि त्यांची ती भेट झाली होती थेट संरक्षणमंत्र्यांच्या सरकारी बंगल्यावर. दोन दिवसांत फर्नांडिस यांनीही मंत्रिपद सोडलं. ममता बॅनर्जी रेल्वेमंत्रिपदाचा राजीनामा देऊन सरकारातून बाहेर पडल्या. संसद बंद पडली.

आता प्रश्न असा. भ्रष्टाचार काय देशाला नवा होता? बोफोर्स होऊन गेलं होतं, हवाला डायरी होऊन गेली होती, बिहारचा चारा घोटाळा चालू होता. कोट्यवधींच्या आकड्यांना लोक सरावले होते. त्यांच्यासमोर एक लाख म्हणजे किरकोळ. मग लोक इतके का चिडले?

कारण लोकांचा राग पैशाच्या रकमेवर ठरत नाही. तो ठरतो तुम्ही आधी काय बोलला होतात त्यावर. भाजप तेव्हा स्वतःला 'पार्टी विथ अ डिफरन्स' म्हणवून घ्यायचा. आम्ही इतरांसारखे नाही, आमच्याकडे चारित्र्य आहे, शिस्त आहे, हे सांगत तो सत्तेपर्यंत आला होता. जो माणूस कधी चारित्र्यावर बोललाच नाही तो पैसे खाताना सापडला, तर लोक 'अजून एक' म्हणून पुढे जातात. पण जो रोज उठून दुसऱ्याला चारित्र्याचे धडे देतो तो सापडला, तर लोकांना आपण फसवले गेलो असं वाटतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण उगीच जन्माला आलेली नाही. चोरीने खिशातला पैसा जातो, ढोंगाने विश्वास जातो, आणि पुढच्या वेळी खरंच चांगलं बोलणाऱ्या माणसाकडेही आपण संशयाने बघू लागतो. ढोंगाचं हे नुकसान मोजता येत नाही, म्हणून त्याचा राग जास्त येतो.

इथपर्यंत लोकांचं चुकलं असं मला वाटत नाही. पुढचा भाग गुंतागुंतीचा आहे.

'ढोंगी' हा आरोप दोन दिशांनी चालतो. एक, सापडलेल्यावर. दोन, पकडणाऱ्यावर. तहलकाच्या बाबतीत दुसरा लगेच सुरू झाला. काँग्रेसने कोणत्या तोंडाने बोलावं, तुमचं बोफोर्स विसरलात काय, इथून सुरुवात झाली. मग मोर्चा तहलकाकडे वळला. लष्करी अधिकाऱ्यांना बोलतं करण्यासाठी या पत्रकारांनी वेश्यांचा वापर केला होता, हे काही महिन्यांनी बाहेर आलं. हा आरोप खरा होता आणि तो पत्रकारितेवरचा गंभीर डागच होता. त्या बायकांची कोणी विचारपूस केल्याचं मला आठवत नाही. सगळ्यांना त्या फक्त हत्यार म्हणून हव्या होत्या, आधी पत्रकारांना आणि मग त्यांच्या विरोधकांना. पण एवढं सगळं मान्य केलं तरी ड्रॉवरमध्ये गेलेले पैसे बाहेर येतात का? पकडणारा डागाळलेला आहे, यावरून पकडला गेलेला स्वच्छ ठरत नाही. दोन वेगळे हिशेब आहेत आणि दोन्ही मांडावे लागतात. चर्चेत मात्र एकाच्या बदल्यात दुसरा रद्द केला जातो, जणू उधारी फिटली.

चौकशीचंही तसंच झालं. सरकारने न्यायमूर्ती वेंकटस्वामी यांचा आयोग नेमला. हे काम चालू असतानाच त्यांनी दुसरं एक सरकारी पद घेतलं, विरोधकांनी त्यावर बोट ठेवलं आणि नोव्हेंबर २००२ मध्ये त्यांनी आयोग सोडला. मग न्यायमूर्ती फुकन आले. दरम्यान फर्नांडिस ऑक्टोबर २००१ मध्येच पुन्हा संरक्षणमंत्री झाले होते, चौकशी पूर्ण व्हायची वाट न बघता. २००४ मध्ये सरकार बदललं, नव्या सरकारने आयोगच गुंडाळला आणि प्रकरण सीबीआयकडे दिलं. चौकशी सत्तेच्या सोयीने चालते असा लोकांचा समज पक्का व्हायला आणखी काय हवं? दोन्ही बाजूंनी हातभार लावला.

आता जातीकडे येऊ.

मी तेव्हा कॉलेजात होतो. कट्ट्यावर दोन दिवस पक्षावर टीका चालली. तिसऱ्या दिवशी एकाने हसत विचारलं, 'अध्यक्षपद पण कोट्यातूनच दिलं होतं ना रे?' सगळे हसले. आम्ही दोघं-तिघं होतो, आम्ही गप्प बसलो. त्या माणसाचा बचाव करावा असं आम्हाला वाटत नव्हतं, तो आमच्या विचारांचा नव्हताच. आणि त्या हसण्यात सामील होणंही शक्य नव्हतं. ते गप्प बसणं मला आजही टोचतं. आपल्यापैकी बहुतेकांनी असं गप्प बसणं कधी ना कधी अनुभवलं असेल.

जॉर्ज फर्नांडिस यांच्या बंगल्यावरचं संभाषण कॅमेऱ्यात आलं, तेव्हा कोणी 'बघा, या समाजाची माणसं अशीच' असं म्हणालं का? मुंबईत १९६७ साली स. का. पाटलांना हरवणारा कामगार नेता असा कसा घसरला, अशी हळहळ झाली. व्यक्तीची घसरण म्हणून तिच्याकडे पाहिलं गेलं. लक्ष्मण यांची घसरण मात्र चटकन त्यांच्या जातीच्या खात्यावर लिहिली गेली. सवर्ण नेता सापडला की तो एकटा सापडतो. आपला सापडला की सगळी वस्ती आरोपीच्या पिंजऱ्यात उभी केली जाते.

दुसरं उदाहरण दिलीपसिंह जूदेव यांचं. छत्तीसगडमधल्या जशपूरच्या राजघराण्यातले, आदिवासींचे पाय धुऊन 'घरवापसी' करवणारे म्हणून प्रसिद्ध, आणि केंद्रात पर्यावरण व वन खात्याचे राज्यमंत्री. नोव्हेंबर २००३ मध्ये, छत्तीसगडच्या निवडणुकीच्या तोंडावर, तेही कॅमेऱ्यासमोर नोटा घेताना दिसले. पैसा देव नाही, पण देवापेक्षा कमीही नाही, अशा आशयाचं त्यांचं बोलणं तेव्हा घरोघरी पोचलं. धर्मरक्षक म्हणून मिरवणाऱ्या माणसाच्या तोंडी हे! ढोंगाचं याहून ठसठशीत उदाहरण कुठे मिळेल? मंत्रिपद गेलं. पण त्याच निवडणुकीत पक्ष छत्तीसगडमध्ये जिंकला, आणि २००९ मध्ये जूदेव बिलासपूरमधून लोकसभेवर निवडून आले. समर्थकांच्या दृष्टीने ते 'राजासाहेब'च राहिले.

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर आपणही सोयीचं तेवढंच सांगणारे ठरू. लक्ष्मण यांना पक्षाने लगेच वाऱ्यावर सोडलं असं झालं नाही. ते राष्ट्रीय कार्यकारिणीत राहिले. २००४ मध्ये त्यांच्या पत्नी सुशीला यांना राजस्थानातल्या जालोरची उमेदवारी मिळाली आणि त्यांनी बूटासिंग यांच्यासारख्या मातब्बराला हरवलं. दोन प्रकरणांतले पुरावे आणि परिस्थितीही सारखी नव्हती. जूदेव यांची चित्रफीत राजकीय विरोधकांनी घडवून आणली असा आरोप होता, लक्ष्मण यांची पत्रकारांनी केली होती. त्यामुळे 'दलित म्हणून अडकवला, राजा म्हणून सुटला' असं एका वाक्यात सांगणं सोपं आहे, पण ते पूर्ण खरं नाही. खरं एवढंच की एकाच्या मागे राजघराण्याचं, जमिनीचं, निष्ठावान मतदारांचं पाठबळ होतं, ज्याच्या जोरावर माणूस बदनामी पचवू शकतो. दुसऱ्याकडे पक्षाने दिलेलं पद होतं आणि पद गेल्यावर फारसं काही उरलं नाही. 'चेहरा' म्हणून बसवलेल्या माणसाचं असंच होतं. चेहऱ्यावर डाग पडला की चेहरा बदलतात.

जानेवारी २०१३ मध्ये जयपूरच्या साहित्य महोत्सवात आशिष नंदी यांनी एक विधान केलं. भ्रष्ट लोकांमध्ये बहुतेक जण ओबीसी, एससी आणि आता एसटीही असतात, असं. देशभर गदारोळ झाला, त्यांच्यावर गुन्हा नोंदवला गेला, सर्वोच्च न्यायालयाने अटकेला स्थगिती दिली. त्यांच्या विधानाला कोणत्याही आकडेवारीचा आधार नव्हता आणि त्यावर आपल्या लोकांनी संतापणं योग्यच होतं. पण त्याच बोलण्यात त्यांनी आणखी एक गोष्ट मांडली होती, जी गोंधळात हरवली. वरच्या वर्गातले लोक एकमेकांच्या मुलांना परदेशातल्या विद्यापीठात फेलोशिप मिळवून देतात, ओळखीने जागा मिळवून देतात, तेव्हा त्याला कोणी भ्रष्टाचार म्हणत नाही, ती गुणवत्तेची कदर ठरते. ज्याच्याकडे अशी जाळी नाहीत त्याचा व्यवहार रोखीत होतो, नातेवाइकाला नोकरी लावण्यात होतो, आणि तो उघडा दिसतो. विधानाचा पहिला भाग फेटाळून हा दुसरा भाग आपण उचलायला हवा होता. तो आपल्याच अनुभवाचा आहे.

पक्षनिधीचंच बघा ना. लक्ष्मण म्हणाले, पैसे पक्षासाठी घेतले. देश हसला. हसण्यासारखं होतंच, कारण मागे संरक्षण खात्याच्या कंत्राटाची बोलणी चालू होती. पण आपल्याकडे राजकीय पक्षांना पैसे मिळतात कसे? १९६९ मध्ये कंपन्यांच्या देणग्यांवर बंदी आली, १९८५ मध्ये ती उठली. वीस हजार रुपयांपर्यंतच्या देणगीदाराचं नाव पक्षाने निवडणूक आयोगाला कळवण्याची गरज नाही. २०१८ पासून निवडणूक रोखे आले. कंपनीने स्टेट बँकेतून रोखा घ्यायचा, पक्षाला द्यायचा, आणि कोणी कोणाला किती दिले हे मतदाराला कळूच नये अशी कायदेशीर व्यवस्था. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी एकमताने ही योजना घटनाबाह्य ठरवली. तोवर त्या वाटेने हजारो कोटी रुपये गेले होते आणि वेगवेगळ्या पक्षांनी ते घेतले होते. त्यात ड्रॉवर नव्हता, गड्डी नव्हती, छुपा कॅमेरा लावावा असं काही दृश्यच नव्हतं. त्यामुळे त्यावर कट्ट्यावर विनोद झाले नाहीत, कुणाच्या जातीचा उद्धार झाला नाही. पैशाच्या बदल्यात काय मिळालं, हा प्रश्न दोन्हीकडे तोच आहे.

याचा अर्थ लहान मासा पकडू नये असा नाही. डिसेंबर २००५ मध्ये संसदेत प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेणारे अकरा खासदार कॅमेऱ्यात सापडले. कोणी पंधरा हजार घेतले होते, कोणी लाखभर. दहा दिवसांच्या आसपास अकराही जणांची खासदारकी संसदेने रद्द केली. त्यात भाजपचे सहा, बसपचे तीन, काँग्रेस आणि राजदचे एकेक होते. महाराष्ट्रातले दोघे होते, जळगाव आणि एरंडोलचे. शिक्षा फार कडक आहे म्हणत भाजपने सभात्याग केला. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हकालपट्टी कायम केली. मला ही घटना महत्त्वाची वाटते ती एवढ्यासाठी की त्यात सर्वांना एकच मोजपट्टी लागली. पक्ष पाहिला नाही, रक्कम पाहिली नाही.

आपल्या माणसावर वेळ येते तेव्हा आपण ही मोजपट्टी हातात घेतो का, हा खरा प्रश्न आहे. मार्च २०१० मध्ये लखनौच्या सभेत मायावती यांना हजार रुपयांच्या नोटांचा भलामोठा हार घातला गेला. टीव्हीवर दिवसभर तो हारच दाखवला. आपल्यातल्या एका गटाने लगेच ढाल उचलली : वरच्या जातीचे नेते सोन्याच्या मुकुटात मिरवतात तेव्हा तुम्ही कुठे होता? प्रश्न रास्त होता. दुसरा गट शरमेने खाली बघू लागला, जणू तो हार त्यानेच घातला होता. बहीणजींवरचं बेहिशेबी मालमत्तेचं प्रकरण २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलं, हे नंतर फार थोड्यांनी लक्षात ठेवलं. पण ढाल उचलणाऱ्यांनी आणि शरमेने वाकलेल्यांनी, दोघांनीही, साधा प्रश्न विचारला नाही : हे पैसे कुणाचे, आणि ज्या वस्त्यांमधून ते आले तिथे त्यांचा हिशेब कोणी देणार आहे का? तो प्रश्न विचारण्याचा पहिला हक्क टीव्हीवाल्यांचा नव्हता, आपला होता.

हा हक्क वापरणं म्हणजे समाजद्रोह, असं आज व्हॉट्सॲप ग्रुपवर सर्रास सांगितलं जातं. नेत्याबद्दल एक प्रश्न टाका, तासाभरात तुम्हाला मनुवाद्यांचा हस्तक ठरवलं जातं. बाबासाहेबांची भूमिका याच्या नेमकी उलट होती. १९४३ मध्ये पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्यावर बोलताना त्यांनी व्यक्तिपूजेवर कठोर टीका केली होती. २५ नोव्हेंबर १९४९ च्या घटना समितीतल्या भाषणात त्यांनी बजावलं की धर्मात भक्ती मुक्तीकडे नेत असेल, पण राजकारणात ती अधःपतनाकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते. आपण हे भाषण दर वर्षी संविधान दिनाला वाचतो. त्यातला हा भाग वाचताना आवाज थोडा खाली का येतो, हे ज्याने त्याने आपल्या मंडळात तपासावं.

मला विचाराल तर कट्ट्यावरच्या त्या दिवशी आम्ही दोन गोष्टी एकत्र म्हणायला हव्या होत्या. हा माणूस चुकला आहे, त्याला शिक्षा व्हावी. आणि त्याच्या जातीवर हसणारा तूही चुकला आहेस. पहिलं म्हटल्याने दुसरं कमकुवत होत नाही. उलट पहिलं न म्हणता दुसरं म्हटलं की समोरचा लगेच म्हणतो, बघा, भ्रष्टाचाराला जातीचं पांघरूण घालतात. ती संधी आपणच त्याला देतो. आणि नेता आपल्या पक्षाचा नाही, विचारांचा नाही, म्हणून त्याच्यावरच्या जातीय शेऱ्याकडे काणाडोळा केला, तर उद्या तोच शेरा आपल्या दारात येतो. स्पर्धा परीक्षा देऊन अधिकारी झालेल्या आपल्या मुलीलाही तोच ऐकावा लागतो, तिने कुणाचा एक रुपया घेतलेला नसताना.

लक्ष्मण यांच्या खटल्याचा निकाल लागायला अकरा वर्षं गेली. एप्रिल २०१२ मध्ये दिल्लीतल्या विशेष सीबीआय न्यायालयाने त्यांना भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखाली दोषी ठरवलं आणि चार वर्षांची कैद व एक लाख रुपये दंड ठोठावला. 'सब चलता है' ही वृत्तीच देशाला या थराला घेऊन आली, असा शेरा न्यायाधीशांनी निकालात मारला. तेव्हा ते त्र्याहत्तर वर्षांचे होते. काही महिन्यांनी त्यांना उच्च न्यायालयातून जामीन मिळाला. १ मार्च २०१४ रोजी हैदराबादमध्ये त्यांचं निधन झालं, तेव्हा अपील पडूनच होतं. जया जेटली यांना त्याच शोधमोहिमेतून निघालेल्या खटल्यात चार वर्षांची शिक्षा झाली ती जुलै २०२० मध्ये, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच दिवशी तिला स्थगिती दिली. त्या बातमीवर कट्ट्याकट्ट्यांवर काय बोललं गेलं? माझ्या कानावर तरी कुणाच्या जातीचा उल्लेख आला नाही.